जाड, लठ्ठ, भरलेली, सुटलेली : कुणाला काय म्हणायचं

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन मशिनी, एक उभा आरसा आणि पडद्याआड माप घ्यायची जागा. एकतीस वर्षं झाली याला. गेल्या महिन्यात हाताखाली नवी पोरगी ठेवली. एकोणीस वर्षांची, हात चांगला. तिसऱ्याच दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं, "काकू, तुमी लठ्ठ हाईसा न्हवं, अस्तर जादा लागंल." अस्तर जास्त लागणार होतं हे खरं. काकूंनी कापड परत पिशवीत घातलं हेही खरं.

पोरगी वाईट नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवणक्लासात मुंढा, म्हणजे बाही बसते तो घेर, कसा कापायचा ते शिकवतात, कटोरी कशी बसवायची ते शिकवतात. पण अंगाला टेप लागली की बाई जे पहिलं वाक्य बोलते, त्याला काय उत्तर द्यायचं हे कुणी शिकवत नाही. आणि ते वाक्य बहुतेक वेळा स्वतःच्या अंगाबद्दलच असतं. "जरा सुटल्येच हो मी." "बाळंतपणानंतर उतरलंच नाही." "सैल घ्या हं, जाडी दिसते मी." म्हणून त्या पोरीसाठी वहीत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता लांबलं. हे शब्द काही शिवणाऱ्या बायकांनाच लागत नाहीत. हळदीकुंकवाला, स्थळ सांगताना, दवाखान्यात, एसटीत "जरा सरकता का" म्हणताना, सगळीकडे लागतात.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी शहाणी आहे असं कुणाला वाटायला नको.

दुकान नवं होतं. मी माप घ्यायची आणि धाकटी नणंद बाहेर बसून वहीत लिहायची. म्हणजे पडद्याआडून मला ओरडून सांगावं लागायचं. लग्नसराई होती, दुकानात सात-आठ बायका, बाकड्यावर एका नवरीची होणारी सासू. मी आत नवरीचं माप घेत होते आणि बाहेर आकडे फेकत होते. "छाती बेचाळीस! दंड सोळा! कंबर अडतीस!" बाहेर कुणीतरी हळूच "अगंबाई" म्हणालं. एवढंच. मुलगी आरशासमोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, दोन्ही हातांनी ओढणी पोटावर ओढून घेतली. पुढं तिनं पाच ब्लाऊज माझ्याकडंच शिवले, पण स्वतः कधी माप द्यायला आली नाही. भावाच्या हाती मापाचं जुनं ब्लाऊज पाठवायची. मी तिला जाड म्हटलं नव्हतं, लठ्ठ म्हटलं नव्हतं. नुसता आकडा सांगितला होता, तोही खरा.

त्या दिवसापासून मापाची वही पडद्याच्या आत. लिहिणार मीच. गिऱ्हाइकानं विचारलं तर टेपवर बोट ठेवून दाखवायचं, तोंडानं म्हणायचं नाही. नव्या पोरीला पहिला धडा हाच दिला.

आता शब्दांकडं वळू. माझ्या मते मेख विशेषणात नाही, क्रियापदात आहे.

"सुटणे" घ्या. पोट सुटलं, अंग सुटलं. यात करणारा कुणी नाही. गाठ सुटते, वारा सुटतो, तसं पोट सुटतं. त्यात बाईचा काय गुन्हा? त्याच्या शेजारी "वजन वाढवून घेतलंस" ठेवून बघा. लगेच पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. पण सुटण्यातही एक खोच आहे. "तुझं पोट जरा सुटलंय" म्हटलं तर ती गोष्ट पोटापुरती राहते. "तू सुटलीस" म्हटलं की पायाच्या अंगठ्यापासून अंबाड्यापर्यंत सगळी बाई सुटते. म्हणून बोलायचंच असेल तर अवयवाचं नाव घ्यावं आणि बाईला वगळावं. आमच्या धंद्यात तर त्याच्याही पुढं जाऊन ब्लाऊजवर ढकलायचं. "दंडात घट्ट झालंय हे, अर्धा इंच उसवू." घट्ट ब्लाऊज झालंय, दंड जाड झालेला नाही. वस्तुस्थिती एकच, पण हे ऐकणारी बाई हात वर करून निवांत उभी राहते.

"भरणे" त्याहून गोड. अंगानं भरली, चेहरा भरला. भरलेलं कणीस, भरलेलं घर, भरलेली ओटी, मराठीत भरलेलं सहसा वाईट नसतं, वांगंसुद्धा. हडकुळी म्हणून हिणवलेल्या पोरीला "आता छान भरलीस" म्हटलं तर तिचा दिवस चांगला जातो. मात्र ती आधीच भरलेली असेल तर हेच वाक्य टोमणा होतं. म्हणजे भरलीस म्हणायला आधीचं माप माहीत पाहिजे. माझ्याकडं वही असते, तुमच्याकडं निदान जुना फोटो तरी असावा.

"अंग धरलं" हे आजारपणातून उठलेल्या माणसाला. "बाळसं धरलं" हे तान्ह्या बाळाला. मोठ्या माणसाला म्हटलं की चेष्टा, आणि ती फक्त जवळच्यांनी करायची. "तब्येत काढली" हे पुरुषांना जास्त चालतं. तब्येत या शब्दाची आपल्याकडं गंमतच आहे. प्रकृतीलाही तब्येत आणि आकारालाही तब्येत. "तब्येत सुधारली" म्हणजे दुखणं बरं झालं की ढेरी आली, ते सांगणाऱ्याच्या भुवयांवरून कळतं. उलट "उतरलीस गं" म्हणताना काळजी असते. जिनं सहा महिने चालून चालून पाच किलो उतरवलं, तिला हे काळजीचं "उतरलीस" ऐकून रडू येतं, तेही मी पाहिलंय.

"मानवणे" मात्र जपून. "सासर मानवलं वाटतं", "पुण्याचं पाणी मानवलं", हे कौतुकाचे शब्द खरे. पण एका पोरीला मी असंच हौसेनं विचारलं होतं. दोन इंचांनी वाढली होती, मला वाटलं सुख लागलंय. ती सासर सोडून आलेली होती, आणि झोपेची गोळी चालू होती. तेव्हापासून हे क्रियापद मी दुकानात वापरत नाही. अंग सुखानंच वाढतं असं नाही.

विशेषणांत सगळ्यात सरळ शब्द "जाड". आम्ही दिवसभर कापडाला लावतो. जाड काठ, जाड दोरा, जाड अस्तर. घरात पोहे जाड, भाकरी जाड. माणसाला लावला तर कडू नाही, पण उघडा आहे. त्याला ना लाड ना शिवी. शहरातून आलेली मुलं कधीकधी "जड" आणि "जाड" यांत घोटाळा करतात, तेवढं सांभाळा. जड म्हणजे उचलायला भारी. बाई जाड असते, तिच्या हातातली पिशवी जड असते. बाईलाच जड म्हटलंत तर ती तुम्हाला ओझं वाटते असा अर्थ होतो. आणि "पायानं जड" म्हटलं तर ती गरोदर आहे असं समजून कुणीतरी नारळ घेऊन यायचं.

"लठ्ठ" पगाराला लावा, पाकिटाला लावा, देणगीला लावा, सगळे खूश. माणसाला लावलात की भांडण. तो आता पेपरातला आणि दवाखान्यातला शब्द झालाय: लठ्ठपणा, त्याची कारणं, त्यावरचे उपाय. लठ्ठंभारती म्हटलं की नुसती टवाळी. "स्थूल" अंगावर येत नाही, पण सरकारी पत्रासारखा थंड आहे. समोरासमोर कुणी कुणाला स्थूल म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. "मेद" वैद्यांचा. "चरबी" डॉक्टर म्हणाला तर माहिती, शेजारीण म्हणाली तर "फार चरबी चढलीय" असं माजाकडं जातं. "लंबोदर" गणपतीलाच शोभतं. आरतीत आपण ते किती भक्तीनं म्हणतो! घरी येऊन त्याच तोंडानं नवऱ्याला ढेरपोट्या.

थुलथुलीत, लदलदीत, फोपशी, अगडबंब, बेढब, ढोली. हे शब्द म्हणतानाच गाल हलतात. यांचा नाद इतका पक्का आहे की ऐकणारी विसरत नाही. दुकानात बंदी. चित्राला, भोपळ्याला, रस्त्यात पसरलेल्या फ्लेक्सला अगडबंब म्हणा हवं तर.

आता कामाचे. "थोराड बांधा" किंवा "हाडापेरानं मोठी" हे मी पुष्कळ वापरते, कारण ते बऱ्याचदा खरंच असतं. खांदे रुंद, मनगट जाड, बाई मात्र चरबीची नाही. तिला जाड म्हणणं हे मापातच चूक आहे. "ठसठशीत" हा फार चांगला शब्द, कुंकू ठसठशीत असतं, मंगळसूत्राच्या वाट्या ठसठशीत असतात, आणि मोठ्या बांध्याची, नीट नेसलेली, चार लोकांत उठून दिसणारी बाईही ठसठशीत. पुरुष असेल तर भारदस्त. "खात्यापित्या घरची" हे स्थळ सांगताना चालतं, पण ऐकणारे आता हुशार झालेत, लगेच पूर्ण उंचीचा फोटो मागतात. तसंच "हेल्दी". मराठी माणूस हेल्दी म्हणतो तेव्हा आरोग्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. "मुलगी चांगली आहे, जरा हेल्दी आहे" यात जो "जरा" आहे ना, तो निदान दहा किलोचा.

या सगळ्यात निवड कशी करायची, ते मी पोरीला कात्रीनंच दाखवलं. कापड कापताना शिवणीच्या पलीकडं जे जास्तीचं कापड सोडतो, त्याला आमच्यात माया म्हणतात. ब्लाऊजला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडली की पुढं अंग वाढलं तरी उसवून सैल करता येतं. माया न सोडता रेघेवर कापलं, तर एकदा घट्ट झालं की संपलं, लेकीला द्या नाहीतर पोतेरं करा. शब्दांचंही तसंच. "भरलेली" या शब्दाला माया आहे. ऐकणारीनं तो सैल घ्यावा की घट्ट, तिच्या हातात राहतं. "मोठ्या बांध्याची"ला आहे, "ठसठशीत"ला आहे. "लठ्ठ" रेघेवर कापलेला. पोरीला हे लगेच कळलं. माझ्या नणंदेला अजून कळलेलं नाही.

पण शब्द चांगला की वाईट हे नुसत्या शब्दावर ठरत नाही, कोण म्हणतं त्यावर ठरतं. आईनं "जाडे, उठ" म्हटलं तर लाड. तेच वाक्य जावेनं म्हटलं तर चार महिने अबोला. आजीला सगळं माफ. थोरली बहीण, म्हणजे आमच्याकडची अक्का, हिला अर्ध माफ. सासूनं सुनेला म्हणू नये, सुनेनं सासूला तर नाहीच; सासूबाईंच्या अंगाबद्दल बोलायचं झालं तर "आईंचे गुडघे दुखतात" इतकंच म्हणायचं, समजणारे समजतात. वहिनीला दीर चिडवतात, तो मान दिराचा आहे, दिराच्या मित्राचा नाही. वयानं मोठ्या बाईला "तुम्ही" म्हणून वाईट बोललं तर आणखी लागतं. "तुम्ही जाड झालात" हे वाक्य मला मराठीतलं सगळ्यात विचित्र वाक्य वाटतं, आदरानं कानाखाली मारल्यासारखं.

लहान मुलांचं खातं वेगळं. तान्हं बाळ गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार. त्याला जाड म्हणायची सोय नाही. आजी लगेच मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसते. गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या तेव्हा ज्याच्या मांडीला वळ्या जास्त तो पुढं. हा लाड पाच-सहा वर्षांपर्यंत टिकतो. शाळेत गेलं की त्याच पोराचा ढब्बू होतो. ढब्बू पैसा म्हणून तांब्याचं जाडजूड नाणं असायचं, आता मिरची तेवढी राहिली. मग जाड्या, गोल्या, भोपळ्या, ढोल्या. घरच्यांनी काय करावं? माझं मत असं की घरात लाडानं ठेवलेलं असलं नाव उंबऱ्याबाहेर नेऊ नये. शाळेच्या फाटकापाशी "ए ढब्बू, डबा!" म्हणून आईनं हाक मारली की पुढची दहा वर्षं त्या पोराचं नाव ठरलं. पोरींच्या बाबतीत तर घरातसुद्धा नको. अकरा-बारा वर्षांच्या पोरी माझ्याकडं परकर-पोलकं शिवायला येतात तेव्हा पोट आत ओढून उभ्या राहतात. श्वास रोखलेल्या पोरीचं माप कधीच बरोबर येत नाही. मी म्हणते, "शंभरपर्यंत आकडे म्हण." आकडे म्हणताना श्वास सोडावाच लागतो.

पुरुषांबद्दल थोडक्यात. त्यांना ढेरी असते, दोंद असतं, पोटोबा असतो, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. बाईच्या पोटाला ढेरी म्हणत नाहीत हे कधी लक्षात आलंय का? ढेरी हा पुरुषाचा दागिना. त्यावरून हात फिरवत तो जेवणाची तारीफ करतो.

पण आमच्या पेठेत एक शब्द वेगळ्या वजनाचा आहे, पैलवान. माझा थोरला दीर तालमीत होता. तालमीतलं अंग "कमावलेलं" असतं. कमावलेलं, म्हणजे पैशासारखं. खुराक, दूध, तूप, थंडाई, पहाटेच्या जोर-बैठका, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे. त्यामुळं इथं जाड पोराला "काय पैलवान" म्हणून हाक मारली की अर्धी चेष्टा नि अर्धा मान. बाहेरगावचे लोक समजतात पैलवान म्हणजे मोठ्या पोटाचा. तसं नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. सत्तावन्न किलो! माझ्या दुकानात येणाऱ्या पुष्कळ बायका त्याहून वजनदार आहेत. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्त्यांचं खासबाग मैदान माझ्या दुकानापासून चालत जायच्या अंतरावर आहे, आणि त्या बाजूच्या चहाच्या टपरीवर बसलेले म्हातारे पैलवान एक वाक्य फार म्हणतात: "पैलवानकी सुटली की अंग सुटतं." दोन्हीकडं सुटणंच. खुराकाची सवय राहते, मेहनत जाते. दिरांचं तेच झालं. त्यांना मात्र घरात कुणी जाड म्हणत नाही, अजून पैलवानच म्हणतात.

वजनदारवरून आठवलं. पुरुषाला वजनदार म्हटलं तर त्याची वट आहे, त्याच्या शब्दाला वजन आहे. फायलीवर वजन ठेवणं तर सगळ्यांनाच माहीत. बाईला वजनदार म्हटलं की काटाच आठवतो. मी वर लिहिताना तेच केलं, बघा.

आता एक जागा अशी आहे जिथं गोड बोलणं बंद करायचं, ती म्हणजे दवाखाना. डॉक्टरांपुढं बसून "जरा अंग धरलंय" म्हणायचं नाही. किलो सांगायचे, किती महिन्यांत वाढले ते सांगायचं. माझ्या एका गिऱ्हाइकाची लेक डॉक्टर आहे, तिनं मला बीएमआयचं गणित दुकानात बसून खडूनं टेबलावर करून दाखवलं. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि भागायचं. एखादी बाई १५५ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो असेल, तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०, आणि ६२ भागिले २.४० म्हणजे साधारण २५.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं पंचविसाच्या पुढं वजन जास्त आणि तिसाच्या पुढं लठ्ठपणा. पण आपल्या लोकांत कमी वजनालाही साखर आणि रक्तदाब मागं लागतात, म्हणून भारतातले डॉक्टर तेविसापासूनच जास्त धरतात आणि पंचविसाला लठ्ठपणा म्हणतात. म्हणजे ही बाई घरात "छान भरलेली", स्थळ सांगताना "मध्यम बांध्याची", नि डॉक्टरांच्या कागदावर "लठ्ठपणा". तिघंही खोटं बोलत नाहीत. त्या कागदावरचा शब्द ही आजाराची नोंद आहे, शिवी नाही, एवढं तिला कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. बऱ्याच जणी तो शब्द वाचून पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

ती एकटी नाही हेही सांगावं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के पंचविसाच्या पुढं निघाल्या. जवळजवळ दर चौथी. पुरुषही फार मागं नाहीत, २२.९ टक्के.

टेपच्या दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, आम्ही ती बाजू कधी बघत नाही. डॉक्टर तीच बघतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत असावी म्हणतात. ऐंशी म्हणजे साडेएकतीस इंच. हे ऐकून मी आधी चरकले, कारण माझ्या वहीत साडेएकतीसच्या आतल्या बायका शोधाव्या लागतील. मग कळलं की त्यांची कंबर नि आमची कंबर एक नाही. आम्ही परकराची नाडी बांधतात तिथं माप घेतो. डॉक्टर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेतात, श्वास सोडल्यावर. तेव्हा माझ्याकडचा आकडा घेऊन कुणी दवाखान्यात जाऊ नये नि तिकडचा घेऊन माझ्याकडं येऊ नये.

"सूज म्हणजे बाळसं नव्हे" ही म्हण आपण फुकट मोठेपणावर वापरतो, पण ती अक्षरशः घ्यायची वेळ माझ्यावर एकदा आली. पन्नाशीच्या एक मावशी, जुनं गिऱ्हाईक. वर्षभरानं माप द्यायला आल्या. बरोबरच्या बायका म्हणत होत्या, "मावशी लई सुटल्या, सून बरी आहे खाऊ घालणारी." पोट खरंच वाढलं होतं, चार इंच. पण दंडाला टेप लावली तर गेल्या वर्षीच्या वहीपेक्षा दीड इंच कमी. मी दोनदा घेतलं. खांद्याची हाडं वर आलेली, गळ्याखाली खड्डे. एकतीस वर्षांत असं माप मी पाहिलेलं नव्हतं. अंग सुटतं तेव्हा दंडही सुटतो, निदान बारीक होत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, हे पोट सुटलेलं नाही. दंड उतरलाय तुमचा. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि वही दाखवायला लागली तर घेऊन जावा." पोटात पाणी झालं होतं. जलोदर. लिव्हरचं दुखणं निघालं. सुटलेलं पोट आणि पाण्याचं पोट यांना एकच शब्द लावून घरातले सगळे वर्षभर हसत होते. म्हणून पोरीला सांगितलंय, पोट वाढलं आणि दंड आटला, किंवा अंगठी अचानक बोटात रुतायला लागली, पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटायला लागला, तर तिथं भरलीस, सुटलीस, मानवलं, यातलं काही बोलायचं नाही. सूज म्हणायचं. सूज हा शब्द लोकांना दवाखान्यात नेतो.

नव्या पोरींचं आणखी वेगळंच. त्या फोनवर माप पाठवतात आणि वर लिहितात, "काकू मी प्लस साइज आहे, स्लीव्हलेसच पाहिजे." एक कॉलेजची पोरगी समोर उभी राहून म्हणाली, "मी जाडी आहे, तर?" त्या "तर"ला मी अडखळले. सवयीनं तोंडात आलं होतं, "छे गं, कुठं जाडी तू!" हे आपण सगळेच म्हणतो नि आपल्याला वाटतं आपण चांगलं बोललो. पण तिला डोळे आहेत, घरी आरसा आहे. आपण नाही म्हटलं म्हणजे एकतर तिला खोटं पाडलं, नाहीतर जाडी असणं इतकं वाईट की नाकारायलाच हवं असं कबूल केलं. आणि "हो, आहेस" म्हणायचाही अधिकार आपला नाही. स्वतःला जाडी म्हणणारीनं तो शब्द तुम्हाला उसना दिलेला नसतो. मग काय म्हणायचं? मी म्हटलं, "बरं. मुंढा किती खोल ठेवू?" ती एकदम मोकळी झाली, नि अर्धा तास गळ्याच्या डिझाइनवर हुज्जत घातली.

मापाच्या वेळी कुणीही स्वतःच्या अंगाला नावं ठेवली की हेच करायचं. होकार नाही, नकार नाही, पुढचा कामाचा प्रश्न. बाही कुठपर्यंत? मागून नॉट की हुक? काठ वापरू का? बायकांना बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. त्या आपल्याआधी स्वतःच बोलून घेतात, म्हणजे दुसऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

राहिला प्रश्न दुसऱ्यानं आपल्याला म्हटलं तर काय करायचं. याची तयार उत्तरं मी काही देऊ शकत नाही, मला स्वतःला दोन दिवसांनी सुचतं. पण आमच्या गल्लीत एक अक्का आहेत, साठीच्या पुढच्या, मिरचीचा व्यापार केलेल्या. आमच्याकडच्या बायका "मी आले" न म्हणता "मी आलो" म्हणतात, तशा त्याही बोलतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत एक पाहुणी त्यांना म्हणाली, "अक्का, किती सुटलासा वो!" खोली गप्प झाली. अक्कांनी तिळगूळ तोंडात टाकला, चावला, गिळला.

"सुटलो तर सुटलो," म्हणाल्या. "बांधून कुणी घातलंवतं मला?"

त्यांचं माप चव्वेचाळीस. बाही कोपरापर्यंत, मागचा गळा चौकोनी, आणि माया दोन इंच सोडायला स्वतःच सांगतात.